लुकाईचा धूर

लामोह माझ्या ओसरीवर पहिल्यांदा येऊन बसली तेव्हाच मला तिचा संशय आला होता. मुलगी दिसायला चांगली, कामाला वाघ, पण तिच्या आजोळची नजर वाईट. त्यांनी पाहिलं की उभं भातशेत करपतं, असं नदीकाठच्या सगळ्या लांबघरांत, एका छपराखाली राहणाऱ्या आमच्या गावांत, म्हणतात. अशा रक्ताची सून आणायची म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा. आणि माझा जेलियान, एकुलता एक, सांगून मोकळा झाला होता, "आई, तू नाही म्हणालीस तर मी तिच्याकडे राहायला जातो."

"जेलियानची आई, तू परीक्षाच घे की तिची," शेजारच्या खोलीतली सेंदी म्हणाली. "वाईट असेल ते लुकाईच्या धुरात टिकत नाही."

लुकाई आम्ही उन्हात पाऊस पडला की जाळतो, भुतंखेतं लांब राहावीत म्हणून. ती माणसावर जाळायची रीत नाही, पण मला ते पटलं. मी स्वतः जंगलात गेले. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हडकुळं झुडूप ते. पानं लांब, फुलं जाड पाकळ्यांची, खाली मान घालून लटकलेली, आणि साल काळपट, खरवडली की नाकात झोंबणारी. एका बाजूचीच साल काढली तर झुडूप जगतं. त्या दिवशी मी चारी बाजूंनी सोललं.

संध्याकाळी लामोहला जेवायला बोलावलं. सेंदीही येऊन बसली. आभाळ कोरडं ठणठणीत होतं, तरी मी भांड्यातल्या निखाऱ्यांवर साल टाकली आणि भांडं लामोहच्या पुढ्यात सरकवलं. कुत्रं पळालं. जेलियान खोकत बाहेर गेला. ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"झोंबत असेल तर बाहेर जा हो, लाजू नकोस," मी म्हणाले.

"नको. बसते मी."

"बघितलंस, किती निगरगट्ट आहे," सेंदी माझ्या कानाशी लागली. "तिला सगळं ठाऊक आहे."

मलाही तसंच वाटलं. उठली असती तर दोषी ठरली असती, आणि उठली नाही म्हणून तर मला ती जास्तच दोषी वाटायला लागली. मी सरळ विचारलं, "तुला त्रास कसा होत नाही गं?"

"होतो की." तिनं मनगटानं डोळे पुसले. "पण सवय आहे, मावशी. लहानपणी आईबरोबर ज्या घरी जायचो तिथं आमच्यापुढं हे पेटवायचे. आई म्हणायची, उठलीस तर त्यांना खरं वाटेल." मग भांड्यात डोकावून म्हणाली, "अजून असेल तर टाका. उद्या परत बोलावण्यापेक्षा आजच होऊन जाऊ दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेंदीनं सालीचा तुकडा माझ्या हातात कोंबला, "टाक." तो खाली ठेवून मी लामोहच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्याच श्वासाला ठसका लागला. छातीत आग झाली, डोळे मिटायला लागले, मी उठायला हात टेकले.

समोर सेंदी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी परत खाली बसले.