घरच्या उसाचा गूळ

"साखरेचा डबा म्या कुलपात घातलाय, सिस्टर. हिच्या तोंडाला कण लागू दिला न्हाई," रतनबाईने ठणकावून सांगितलं.

सिस्टरने तपासणीचा कागद पुढे सरकवला. जेवणानंतरची साखर दोनशे चौदा. सून मोनिकाला सातवा महिना, पहिलटकरीण. ती मान खाली घालून बसली होती. सकाळी काय खाल्लं, हे रतनबाईनेच सांगितलं. दोन डिंकाचे लाडू, गुळातले. घरच्या उसाचा गूळ, त्यात कसली आलीय भेसळ?

"आजी, साखर तरी दुसऱ्या कशाची करतात?"

देवळालीतल्या निम्म्या बाळंतिणी रतनबाईच्या हातच्या लाडवांवर उठल्या होत्या. ती दुसरीतून शाळा सोडलेली, पण तिला शिकवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. तिने तो कागद उलटासुलटा करून बघितला.

सिस्टर म्हणाली, डॉक्टरांनी आता रोज जेवणाआधी इन्सुलिन सांगितलंय, सुईवरच्या सहा रेघांइतकं. साखर अशीच राहिली तर बाळ पोटातच दगावू शकतं. मुलगा हर्षल नगरला कंपनीत, रविवारीच घरी यायचा. मोनिकाने सुई बघूनच तोंड फिरवलं; टोचायचं काम रतनबाईवरच आलं.

"मला न्हाई जमायचं," रतनबाई पुटपुटली.

सिस्टरने टोचायच्या सरावासाठी तिच्या हातात एक संत्रं आणि पाण्याने भरलेली सुई दिली. सातव्या वेळी रतनबाईची सुई सरळ आत गेली.

परतताना रिक्षात तिने सुनेला विचारलं, "तुला ठावं हुतं ना?"

"डॉक्टरांच्या कागदात लिहिलं होतं, आई. गूळसुद्धा नको म्हणून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

वेस येईपर्यंत रतनबाई बाहेरचा ऊस बघत राहिली.

ओटभरणाचा दिवस आधीच ठरला होता. बायका जमल्या. शेजारची बनुबाई गुळाच्या पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आली आणि घास करून मोनिकाच्या तोंडाशी नेऊ लागली. रतनबाईने तिचं मनगट धरलं.

"एका घासानं काय व्हतंय? दोन जिवाच्या पोरीला उपाशी ठेवतीस व्हय? सासू हायेस का वैरीण?" बनुबाई म्हणाली.

एरवी रतनबाईने तिला तिथंच सोलून काढली असती. बायका त्याचीच वाट बघत होत्या.

"बनू, माझ्याच लाडवानं हिची साखर चढली. मी चुकले. तू चुकू नको."

बनुबाईने घास ताटात ठेवला.

रतनबाई सुनेला आतल्या खोलीत घेऊन गेली. हात धुतले, चष्मा पुसला, सुई उजेडात धरून औषध ओढलं. बारीक रेघा डोळ्यांपुढे एकमेकींत मिसळत होत्या. तिने सुई मोनिकापुढे धरली.

"बघ बरं, सहाच हायेत ना?"

मोनिकाने वाकून रेघा मोजल्या, मान डोलावली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.