आपल्या देशाचा नंबर

नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत माझ्या सासूबाईले 'रशियावाली' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती, कारण मी वच्छला, त्यांची सून, अन् माझं तोंड कसं आहे ते अख्ख्या गल्लीले ठाऊक होतं. एकदा नळावर एका बाईनं मले विचारलं, का वं, तुझा नवरा चंद्रावर पोचला का? मी तिची भरलेली घागर उचलली अन् नालीत उलटी केली. त्या दिवसापासून ती बाई माझ्या आधी पाण्याले यायची नाही.

माझा नवरा केशव हवाई दलात पायलट होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली, पश्चिमेकडं उडाला तो परत आला नाही. तार आली, तिच्यात 'बेपत्ता' लिहिलं होतं. मेला असं लिहिलं असतं तं छाती पिटून मोकळं तरी झालो असतो. बेपत्ता माणसासाठी रडावं का नाही, हेच कोणाले समजे ना. आमच्या लग्नाले तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली पोर. नवरा विमान उडवते म्हणून माहेरी केवढा तोरा मिरवला होता मी.

आमच्यात माणूस असा हरवला तं बारा वर्षं वाट पाहतात. तोवर त्याची बायको कुंकू लावते, बांगड्या भरते. बारा वर्षांत आला नाही, का मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याले नारळाचं डोकं लावायचं अन् त्यालेच अग्नी द्यायचा. त्या घडीपासून ती बाई विधवा.

विधवा म्हणजे काय ते मी याच घरात पाहिलं होतं. जिजाबाई म्हणून मामाजींची बहीण होती. मामाजी म्हणजे माझे सासरे, वामनराव. जिजाबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन माघारी आली अन् मागच्या खोलीतच म्हातारी झाली. सणावाराले समोर यायची नाही. मी नवी नवरी होती तेव्हा तिले चहा नेऊन द्यायची. ती कप घेताना माझ्या तोंडाकडं कधी पाहायची नाही, हातातल्या बांगड्यांकडं पाहायची. माझ्या लग्नाच्याच साली ती गेली. आत्याबाई, म्हणजे माझी सासू रुखमाबाई, तिच्यासाठी जेवढ्या रडल्या तेवढं सख्ख्या बहिणीसाठी कोणी रडत नाही.

तिहत्तरच्या उन्हाळ्यात केशवचा एक सोबती घरी आला. मुकुंद नाव त्याचं. समोरच्या खोलीत मी अन् मामाजी बसलो होतो, आत्याबाई आत चहा ठेवत होत्या. मुकुंदनं खाली मान घालून सांगितलं का त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, विमान पेटलं अन् हवाई छत्री उघडली नाही. मामाजींनी त्याचा हात धरला अन् हळूच म्हणाले, हे आत सांगू नको, ती जगणार नाही. मीही मान हलवली. त्या दिवशी चहा फार उशिरा आला, अन् आला तो गारढोण, वर साय धरलेला. मले मनातून चीडच आली. एवढ्या लांबून आलेला माणूस अन् त्याले असा चहा.

तेव्हापासून मी कुंकू लावत होती ते आत्याबाईसाठी. केशव नाही, हे मले पक्कं माहीत होतं. पण रोज सकाळी आंघोळ झाली का आत्याबाई करंडा माझ्यापुढं सरकवायच्या, अन् मी बोट बुडवायची. कधी कधी वाटे, नाटकातल्या बाईसारखं हे किती दिवस करायचं? पण बुढीचा जीव त्या आशेवर टांगला आहे, आपण कसा दोर कापावा? मग निमूट जिल्हा परिषदेत जायची, टायपिंग करायची अन् संध्याकाळी घरी येऊन भाजी निवडायची.

बापूजी म्हणून मामाजींचे मोठे चुलतभाऊ होते, रामटेकचे, धानाची शेती करत. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांले खरंच वाटे का पोराचा जीव मधातच अडकून राहिला. पण बारा वर्षं थांबायले ते तयार नव्हते. म्हणायचे, लढाईतला माणूस, त्याची काय वाट पाहता, उरकून टाका अन् पोरीले माहेरी पोचवा. अठ्ठ्याहत्तरच्या होळीच्या आधी ते हेच घेऊन बसले होते. मामाजी पेपर वाचत होते. भूगोलाचे मास्तर ते, पेपरात नवा देश आला का नकाशा काढल्याशिवाय राहायचे नाहीत. विषय बदलावा म्हणून त्यांनी मोठ्यानं वाचलं का चेकोस्लोव्हाकियाचा माणूस अंतराळात गेला. आजवर वर जाणारे दोनच, एक तं रशियाचा नाही तं अमेरिकेचा. आता रशियानं दोस्त देशांचे पायलट पाहुणे म्हणून न्यायचं ठरवलं आहे, एकेका देशाचा नंबर लागणार.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा केशव तिथंच आहे."

त्या एकदम शांतपणानं सांगू लागल्या का आपली विमानं रशियाची, शिकवणी रशियाची. वर पाठवायचा माणूस आधी कित्येक वर्षं लपवून ठेवतात, घरच्यायलेही कळू देत नाहीत. आपल्या देशाचा नंबर लागला का तोंड दिसंल, तोवर पुतळ्याचं नाव काढायचं नाही. बापूजींनी मामाजींकडं पाहिलं. मामाजींनी चश्मा पुसला अन् म्हणाले, असूही शकते. मी मनात म्हटलं, झालं, बुढीचं डोकं फिरलं, अन् आता हे सांभाळणं आपल्या नशिबी आलं.

मग सुरूच झालं. पोलंडचा गेला, पूर्व जर्मनीचा गेला. बल्गेरियाचा बिचारा वरच्या अंतराळ स्थानकाच्या दारापर्यंत जाऊन आत न शिरताच परत आला, तं आत्याबाई म्हणे, त्याच्या मायले काय वाटलं असंल. हंगेरीचा गेला. व्हिएतनामचा गेला तेव्हा मामाजी म्हणाले, पाहा, आत्ता आत्तापर्यंत डोक्यावर बॉम्ब झेलणारा देश, त्याचाही माणूस वर पोचला. मग क्युबा, मग मंगोलिया, रोमानिया. दर वेळी बापूजी रामटेकहून यायचे, अन् दर वेळी आत्याबाई विचारायच्या, आपला नंबर लागला का? नाही ना? मग बसा, चहा घ्या. वर रशियात थंडी फार म्हणून त्यांनी एक निळा स्वेटर विणायले घेतला होता. विणायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर बसून बाई लोकर विणून राहिली म्हटल्यावर लोक हसणारच. मी मात्र एकाले सोडलं नाही, ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या पदरात घातलं.

ब्याऐंशीत फ्रान्सचा गेला, अन् पुढं आपल्या दोन पायलटांची नावं पेपरात आली. दोन्ही दुसऱ्याच कोणाची. मले वाटलं, आता संपलं. आत्याबाईंनी पेपर हातात घेतला, फोटो पाहिले अन् म्हणाल्या, दोन छापायची अन् बाकीची लपवायची, फौजेत असंच असते. बापूजींनी कपाळावर हात मारला.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात बारा वर्षंही भरली. आता बापूजींले कोणी अडवू शकत नव्हतं. पाडव्याले ते घरी आले अन् म्हणाले, चैतात पळसाले नवी पानं येतात, रामटेकच्या अंबाळा तलावावर भटजीले सांगून ठेवलं आहे. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, उद्या आपला माणूस वर जाऊन राहिला. मले त्याचं तोंड पाहू द्या, मग तुमची मर्जी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेजारच्या कवडूभाऊच्या घरी टीव्ही पाहायले गेलो. खोलीत पाय ठेवायले जागा नव्हती. चित्र मधूनमधून हलायचं. पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं दिसली, दोन रशियाची अन् एक आपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हळूहळू सगळे टीव्ही सोडून माझ्या सासूकडं पाहू लागले. आत्याबाई उठून पुढं गेल्या, पदरानं डोळे पुसले, त्या पोराचं तोंड नीट पाहिलं.

"हा नाही," त्या म्हणाल्या. अन् थोड्या वेळानं, "सुखरूप येऊ दे बाप्पा याले."

इतकी वर्षं चेष्टा करणाऱ्या त्या खोलीत एकालेही हसू आलं नाही. नळावरची ती बाई उठली अन् तिनं आत्याबाईले हाताले धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर बापूजींनी पुतळ्याचा दिवस धरायचं काढलं. आत्याबाई म्हणाल्या, कोणाचं तरी लेकरू वर आहे, ते खाली उतरल्याशिवाय माझ्या घरात आग पेटणार नाही. तेवढे दिवस बापूजीही थांबले. रामनवमी झाली अन् दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली, उतरला, सुखरूप आहे. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली अन् स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसल्या. मी कणीक मळत होती. मले वाटलं, आता या कोसळतील. मी हात धुवायले उठत होती, तं त्यांनी माझा कणकेचाच हात धरला.

"जेवढे देश होते तेवढे पुरवले वं मी," त्या म्हणाल्या. "आता आपल्याच देशाचा जाऊन आला. पुढं कोणाचं नाव सांगू?"

मले काही समजेच ना. मग त्यांनी सांगितलं. मुकुंद आला त्या दिवशी त्या चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं. जिजाबाईची खोली मागं रिकामी होती, अन् मी तेव्हा बावीस वर्षांची. त्यांनी मनात म्हटलं, जितके दिवस माझा पोरगा कुठंतरी आहे, तितके दिवस या पोरीच्या कपाळाले कोणी हात लावणार नाही. लोक वेडी म्हणाले तं म्हणू दे, वेड्या बाईशी कोण भांडते?

मले तो गार चहा आठवला. मी विचारलं, "मग तो स्वेटर काहून विणत होत्या?"

"हात रिकामे राहिले का रडू येते."

मी म्हटलं, "आत्याबाई, मलेही ठाऊक होतं. मी तुमच्यासाठी कुंकू लावत होती." किती तरी वेळ आम्ही दोघी तशाच बसलो, अन् कणीक वाळून गेली.

पुढच्या आठवड्यात आम्ही रामटेकले गेलो. अंबाळ्याच्या काठावर भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस मांडला, नारळाचं डोकं लावलं. बाया माझ्याभोवती जमू लागल्या. आत्याबाईंनी त्यांले हातानंच मागं सारलं अन् म्हणाल्या, तिच्या कपाळाले ती स्वतः हात लावंल, दुसऱ्या कोणी लावायचा नाही. मी पदर घेतला अन् माझं मीच पुसलं.

मग आत्याबाईंनी पिशवीतून तो निळा स्वेटर काढला. एक बाही अर्धीच विणलेली होती. खाली वाकून त्यांनी तो पानांवर पांघरला, कडा दोन्हीकडून आत खोचल्या, तापातल्या पोराले पांघरूण घालतात तशा. मामाजींचा हात धरून बापूजींनीच अग्नी देववला. लोकर पेटली तेव्हा आत्याबाई माझ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

अकरा वर्षं आम्ही एकमेकींले सांभाळत बसलो होतो. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या केशवसाठी त्या घरात कोणी एक दिवस धड रडलं नव्हतं. तो मले सायकलच्या दांडीवर बसवून अंबाझरी तलावावर न्यायचा, शिट्टी वाजवायचा, हे सगळं मले तिथं उभ्या उभ्या आठवलं. मी दात आवळून धरले होते. सवय झाली होती ना.

"आता रड वं, वच्छला," आत्याबाई म्हणाल्या. "आता मले सारं ठाऊक आहे."