व्हर्लीन आजीची बकरी

टोलिव्हरांचा कुटुंबमेळा दर जुलैत भरतो आणि मेळा म्हटला की सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचा टी-शर्ट हवाच. यंदाचा पिवळाधमक. व्हर्जिनियातल्या दोन जुन्या पुढाऱ्यांची घरं एका दिवसात पाहायची ठरली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या व्हर्लीन आजीनं बजावलं, "दुसऱ्या घराच्या जेवणघरात मी बसणार."

पाहायचं नव्हतंच तिला, बसायचं होतं. तिच्या पणजीची आई, फीबी, त्या घरात गुलाम होती. तरुणपण सगळं त्या टेबलापाशी ताटं घेऊन उभ्यानं गेलं, तिथं टेकायला कधी मिळालं नाही, असं फीबी सांगायची. ती गोष्ट लेकीकडून लेकीकडे चालत आली होती. आता आजीचे गुडघे म्हणत होते, बाई, यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून तिनं घडीची खुर्ची आणली होती. लेकीनं, रोशेलनं, आणला होता वॉकर. चार चाकं, हाताशी ब्रेक आणि मध्ये छोटंसं आसन. डॉक्टरांनी दिल्यापासून आजी त्याला शिवलीही नव्हती. त्याला ती बकरी म्हणायची.

"बकरी गाडीतच बांध," पहिल्या घरापाशी उतरताना ती म्हणाली. "अख्ख्या चर्चनं मला माझ्या पायांवर पाहिलंय."

"इथं कुठंय चर्च, आई?"

"वीस टोलिव्हर आहेत ना! घरी पोचायच्या आत गावभर फोन करतील."

पहिलं घर झकास झालं. झाडाखाली तळलेली कोंबडी निघाली. बटाट्याच्या सॅलडमध्ये बेदाणे पाहून आजीनं हात आखडला. "हे कुणाचं पाप?" तिनं विचारलं, आणि नवी सून सोडून सगळे हसून लोळले.

दुसऱ्या घराच्या दारातच माशी शिंकली. माहिती सांगणारा तरुण नम्रपणे म्हणाला, "मॅडम, खुर्ची आत नेता येत नाही. आतल्या खुर्च्यांवरही बसायचं नाही. वॉकर चालेल."

"वॉकर लागत नाही मला," म्हणत आजी रोशेलच्या दंडाला धरून आत गेली.

जेवणघरात लांबलचक टेबल, चमचमती चांदी, दोरीपलीकडे रिकाम्या खुर्च्या. तरुण चांदीचं कौतुक सांगत होता. आजीचे डोळे भरून आले. इतक्या लांब येऊन फीबीसारखंच उभं राहायचं?

ती वळली. मागं दारात नात जनेल उभी होती. आजी पडेल या धास्तीनं तिनं वॉकर गुपचूप आणलाच होता. आजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वीस टोलिव्हरांकडे पाहिलं. करा म्हणावं फोन!

"जनेल, माझी बकरी आण."

रोशेलनं आ वासला. आजीनं वॉकर दोरीला खेटून लावला, ब्रेक दाबले आणि टेबलाकडे तोंड करून ऐसपैस बसली.

"दमलात का, मॅडम?" तरुणानं विचारलं.

"मी नाही रे बाबा. फीबी दमली होती."

"फीबी कोण?"

आजीनं पिवळा टी-शर्ट नीट खाली ओढला. "सांगते. घाई नाही ना?"

ती सांगत गेली. तो तरुण आणि वीसच्या वीस टोलिव्हर उभ्यानं ऐकत राहिले. त्या खोलीत बसलेली ती एकटीच होती.