पहिल्या बॉलपासून

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मुलाचा, विनयचा, फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गिरीशने फोन घेतला, दोन-तीनदा "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणाला आणि रिसीव्हर छातीशी धरून माझ्याकडे वळला.

"रविवारी विनय स्टार्ट करणार आहे. पहिल्या बॉलपासून."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. दहा दिवस आमच्या घरात ज्यावरून भांडण चाललं होतं, त्याचा निकाल मला न विचारताच लागला होता.

ही १९८६ची गोष्ट. विनय तेव्हा एकवीस वर्षांचा होता. कॉलेज अर्धवट सोडून तो अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावापासून दीड तासावरच्या एका गावच्या टीममध्ये बेसबॉल खेळत होता. मोठ्या लीगच्या बऱ्याच पायऱ्या खाली, पण तरी पगार घेऊन. तो पिचर होता, आणि त्यातही रिलीव्हर. म्हणजे मॅच संपत आली, टीम एखाद-दुसऱ्या रनने पुढे असली, की दमलेल्या पिचरच्या जागी यायचं आणि नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये तीन जणांना बाद करायचं. त्या उन्हाळ्यात त्याचा बॉल ताशी चौऱ्याण्णव मैलांनी जात होता. तो बाहेर आला की समोरच्या टीमचे लोक बॅटी आवरायला लागायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

गिरीशला ते पुरेसं वाटत नव्हतं. "तीन तास बाकावर बसायचं आणि पंधरा मिनिटं काम करायचं, याला काय करिअर म्हणतात? अख्खी मॅच आपल्या हातात पाहिजे," तो म्हणायचा. टीमचा मॅनेजर वेड टर्लिंग्टन, साठीचा, कमी बोलणारा माणूस, त्यालाही विनयला स्टार्टर, म्हणजे पहिल्या बॉलपासून टाकणारा पिचर, करून बघायचं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. वीस वर्षं लोकांचे खांदे आणि कोपरं हातात घेतलेली. माझं म्हणणं सरळ होतं: पंधरा बॉल टाकणारा हात टिकेल की शंभर टाकणारा? मी विनयला फोनवर सांगितलंही होतं, "अरे, एक इनिंग टाकतोस आणि राजासारखा घरी जातोस. कशाला हवंय हे?"

"आय वॉन्ट इट, आई," एवढंच तो म्हणाला होता. मला वाटलं, बाप बोलतोय.

रविवारी दोनची मॅच होती. ऑगस्टचं ऊन, बाकांचं लाकूड तापलेलं. खेळाडूंच्या घरच्यांच्या जागा डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या खोलगट शेडच्या, अगदी मागे होत्या. मध्ये फक्त जाळीचं कुंपण. आमच्या मागे चार रांगा सोडून तीन माणसं वह्या घेऊन बसली होती. त्यातल्या एकाच्या हातात बॉलचा वेग मोजायची बंदूक होती.

"वरच्या क्लबचे स्काउट आहेत," गिरीश कुजबुजला. "विनयलाच बघायला आलेत."

पहिल्या इनिंगमध्ये तिघांपैकी एकाचीही बॅट बॉलला लागली नाही. दुसरीत एकाने उंच टोलवला, तो सहज झेलला गेला. तिसरी इनिंगही तशीच गेली. गिरीश आता बसायलाच तयार नव्हता. शेजारची एक बाई आम्हाला म्हणाली, "तुमचा मुलगा ना? आज काहीतरी मोठं होणार."

चौथ्या इनिंगमध्ये मला ते दिसलं.

बॉल टाकून झाल्यावर विनय हात खाली झटकत होता. घाम झटकतात तसा नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडायचा, मिटायचा, मग पँटवर घासायचा. पुढचा बॉल टाकताना कोपर खांद्याच्या खाली आलं आणि बॉल उंच गेला. मी मनाशी म्हटलं, दमलाय. पुढच्या बॉलला पुन्हा तेच. मागे बंदुकीवाल्याने शेजाऱ्याला हळूच काहीतरी दाखवलं.

"गिरीश, त्याची बोटं बधिर झालीत."

"काय?"

"त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली जातेय. कोपर बघ कुठे येतंय."

"अगं, चार इनिंग झाल्या, एक हिट नाही त्याच्यावर!"

तिसरा गडी धावत गेला आणि पहिल्या बेसच्या दोन पावलं आधी बाद झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. विनय मान खाली घालून डगआउटकडे आला. मी उठले. गिरीशने माझं मनगट धरलं.

"कांचन, खाली बस. प्लीज. मागे तीन माणसं बसलीत त्याचं आयुष्य लिहायला. आज आईने येऊन मॅच थांबवली, तर त्याला पुन्हा कोण उभं करेल?"

हे खरंच होतं. मी बसले. आमची टीम बॅटिंगला आली. मी विनयच्या पाठीकडे बघत होते. तो एकटाच बाकाच्या टोकाला बसला होता आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरून होता, टॉवेलखाली, कोणाला दिसू नये असं. दोन गडी बाद झाले. आणखी एक झाला की तो पुन्हा जाणार होता.

मी मनगट सोडवून घेतलं आणि कुंपणापाशी गेले.

"मिस्टर टर्लिंग्टन."

तो वळला. मॅच चालू असताना खेळाडूंच्या आया तिथे येत नसत. त्याच्या तोंडावर राग स्पष्ट दिसत होता.

माझ्या हातात स्कोअरचा कागद होता. त्याचा तुकडा फाडून मी जाळीतून आत दिला. "हा त्याच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला सांगा आणि तुम्ही ओढा. त्याने धरून ठेवला तर मी घरी जाते, पुन्हा येणार नाही."

विनयने मला बघितलं. माझा आवाज त्याने ऐकला होता. "नो," तो म्हणाला. "कोच, नो. शी इज जस्ट वरीड."

टर्लिंग्टन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि कागद पुढे केला. बराच वेळ विनयने हात वर केलाच नाही. मग केला. टर्लिंग्टनने कागद जेमतेम ओढला असेल. तो लगेच निसटला.

पाचव्या इनिंगला दुसराच पिचर मैदानात गेला. लोकांनी हुर्यो केली. स्काउट सातव्या इनिंगपूर्वीच निघून गेले.

पार्किंगमध्ये विनय माझ्याशी फक्त एक वाक्य बोलला. "यू हॅड नो राइट, आई." मग तो टीममधल्या एकाच्या ट्रकमध्ये बसून गेला. 

बुधवारी डॉक्टरकडे त्याला मीच ड्राइव्ह करून नेलं. तपासणीत निघालं की कोपराचं लिगामेंट अर्धवट फाटलंय आणि नसेला सूज आहे. ऑपरेशन आत्ताच नको, पण सहा महिने बॉलला हात लावायचा नाही. "दुखतंय कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेपासून," विनय म्हणाला.

मला काही कळेना. मे महिन्यात तर तो रिलीव्हरच होता. एकेक इनिंग टाकत होता.

गाडीत बसल्यावर मी किल्ली न फिरवता विचारलं, "मेपासून? पंधरा-पंधरा बॉल टाकून?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "आई, तू फक्त मॅचमधले बॉल बघतेस. बुलपेनमध्ये, मैदानाच्या कडेला, रोज बॉल टाकून गरम व्हावं लागतं. तीस बॉल, कधी चाळीस. मग बोलावतच नाहीत. बस म्हणतात, पुन्हा उठ म्हणतात. आठवड्यातले सहा दिवस. ते कोणी मोजत नाही." मग हळूच म्हणाला, "स्टार्टरला चार दिवस रेस्ट मिळते. म्हणून मी हो म्हटलं. बाबांसाठी नाही. मला वाटलं, चार दिवस मिळाले तर ठीक होईल."

मी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसले होते. ज्या कामात मी त्याला सुरक्षित समजत होते, त्याच कामाने त्याचा हात गेला होता, आणि तेच कर म्हणून मी त्याच्या मागे लागले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थांबवलं असतंस."

मी किल्ली फिरवली.

हिवाळाभर तो आमच्याकडे राहिला. रोज संध्याकाळी डायनिंग टेबलवर मी त्याच्याकडून बोटांचे, मनगटाचे व्यायाम करून घ्यायची. सुरुवातीला तो टीव्हीकडे बघत हात पुढे करायचा. जानेवारीत कधीतरी तो मला स्वतःहून शिकवायला लागला की बॉल हळू जावा पण टाकण्याची पद्धत तीच दिसावी, यासाठी तो कसा धरायचा. मला संत्रं देऊन धरायला लावलं.

मार्चमध्ये टर्लिंग्टन आमच्या घरी आला. चहा प्याला आणि मुद्द्यावर आला. विनयचा वेग आता चौऱ्याण्णववरून नव्वदवर आला होता. त्याच्या मते विनयने पुन्हा शेवटची एक इनिंग टाकावी. "छोटं काम आहे. त्यात तू जबरदस्त होतास."

गिरीशने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून ठेवलं. ते सोपं नव्हतं.

"स्टार्ट करीन. दर पाचव्या दिवशी, ऐंशी बॉल, त्यापुढे एकही नाही," विनय म्हणाला. "नाहीतर मी कॉलेजला परत जातो."

टर्लिंग्टनने कप खाली ठेवला आणि हो म्हणाला.

एप्रिलमध्ये पहिल्याच मॅचला त्याच्या दुसऱ्याच बॉलवर होमरन गेला. बॉल कुंपणापलीकडच्या झाडीत पडला. विनयने नवा बॉल मागून घेतला, दोन्ही तळव्यांत चोळला आणि पुढचा टाकला. त्याने सहा इनिंग टाकल्या, चार रन दिले, आणि टीम हरली. तो पुन्हा कधी जबरदस्त झाला नाही. पण पुढची तीन वर्षं, दर पाचव्या दिवशी, तो खेळला.