खळ्यावर उभी केलेली जीप

ऑइलचा पाच लिटरचा सीलबंद डबा एक. पान्हे दोन, घमेलं एक, नरसाळं एक. जुन्या धोतराची फडकी तीन. विहिरीच्या पाण्याचे नमुने मोजायची काचेची मापनळी एक, शंभर मिलिलिटरची. आणि एक जीप, जिच्या चेंबरमधलं जुनं काळं ऑइल नुकतंच घमेल्यात उतरलं होतं. श्रीमंतने सगळं दोनदा मोजलं, तेव्हा ड्रायव्हर गोरक्षनाथ हसला.

"साहेब, यातलं कायबी पळून जात न्हाई."

चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला श्रीमंत पाथर्डी तालुक्यातल्या विहिरींची पातळी मोजायच्या कामावर लागला, त्याला सहा महिने झाले होते. डोंगराच्या कुशीतल्या या गावातलं काम संपलं होतं. दुपारी करंजीचा घाट ओलांडून नगरला पोचायचं होतं, आणि गोरक्षनाथला त्या घाटाची धास्ती होती. मागच्या पावसाळ्यात त्याच्या हातातल्या जीपचं इंजिन तिथंच जाम झालं होतं. ऑइल कमी होतं. त्याने सकाळी ऑइल मोजायची पट्टी इंजिनातून ओढून बघितली होती, पण गाडी उतरणीला उभी होती आणि पट्टीवर ऑइल भरपूर दिसलं होतं. मोठ्या साहेबांनी तेव्हा बजावलं होतं, की आणखी एक इंजिन गेलं तर गोरक्षनाथने घरी बसायचं.

चेंबरचा नट घट्ट करून त्यांनी चार लिटर ऑइल ओतलं, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं आणि वाट बघून पट्टी ओढली. पट्टीवर दोन खुणा होत्या. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं.

"जास्त झालं," श्रीमंत म्हणाला. "ऑइलला फेस येईल. थोडं काढू या."

"थांबा." गोरक्षनाथने त्याच उतारावर जीप फिरवून तोंड उलट्या बाजूला केलं. आता पट्टीवर ऑइल खालच्या खुणेलाही लागलं नाही.

"ऑइल तेवढंच हाय," गोरक्षनाथ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मागच्या टायमालाबी असंच फसलो. आता कोनत्या पट्टीवर इस्वास ठेवू?"

सपाट जागा हवी होती. श्रीमंतने तिपाईवर जमिनीची पातळी बघायची दुर्बीण लावली आणि मापकाठी गोरक्षनाथच्या हातात दिली. शाळेचं पटांगण एका टोकाला दीड हात खाली होतं. देवळापुढची जागा त्याहून वाईट. रस्ता तर डोंगराचाच.

"एकच जागा हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "पन ती बाई चपलेनं मारंल."

गावाबाहेर मनकर्णाचं खळं होतं. उद्यापासून तिथं ज्वारीची मळणी सुरू व्हायची होती. चोपून, शेणाने सारवून खळं तयार होतं. साठीच्या घरातली मनकर्णा कडेला बसून सुपं नीट करत होती. गोरक्षनाथने विचारलं, तशी ती उठून उभीच राहिली.

"येडं लागलं का रं? तिथं आमी पायतान घालून जात न्हाई, आन तू गाडी घालतुस?"

"मावशी, गाडीचा भार बैलाच्या खुराइतकाच पडतो," श्रीमंत म्हणाला. त्याने मनात हिशेब केला होता. "चौरस इंचाला साधारण तेवढाच."

"आसंल. पन बैल माझ्या वळखीचे हायेत."

"मावशे, माझी नोकरी जाईल बघ," गोरक्षनाथ हळू आवाजात म्हणाला आणि त्याने घाटातली गोष्ट सांगितली.

मनकर्णाने सगळं ऐकून घेतलं. "चाकं धुवा," ती म्हणाली. "चपला भाईर. आन त्याल सांडलं, तर समदं खळं तूच सारवायचं, कासुटा मारून."

"सारवतो. लुगडं नेसून सारवतो."

चाकं धुवून वाळेपर्यंत श्रीमंतने दुर्बीण लावली. अनवाणी गोरक्षनाथ काठी घेऊन खळ्यावर फिरला. बत्तीस फुटांचं गोल खळं, वेगवेगळ्या सोळा जागा. श्रीमंत आकडे लिहीत गेला आणि सोळाव्याला थांबला. यंत्र हललं असेल म्हणून त्याने दुर्बिणीवरच्या नळीतला पातळीचा बुडबुडा तपासला, तिपाई उचलून दुसरीकडे रोवली आणि सोळाच्या सोळा जागा पुन्हा घेतल्या. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत सखल जागेत फरक होता चार मिलिमीटरचा.

त्याने वर पाहिलं. मागे डोंगर, खाली कुठेच सरळ नसलेली ओबडधोबड जमीन, आणि तिच्यामध्ये पाण्यासारखं पसरलेलं हे एक वर्तुळ. त्याच्या अंगावर काटा आला.

"मावशी, कशानं मोजलंत?"

"मोजायचं काय त्यात? तांब्याभर पानी सोडायचं. ज्या अंगाला पळालं, तिथं माती टाकायची आन चोपायची. पुन्यांदा सोडायचं. पानी कुटं जावं ते इसरून जागीच बसलं, की झालं."

"आणि सारवल्यावर?"

"मंग टाचंला कळतं."

श्रीमंतने वही मिटली. चप्पल काढून तोही खळ्यावर गेला आणि टाचा टेकून सावकाश चालला. त्याला काहीच कळलं नाही. मनकर्णा तोंडाला पदर लावून हसत होती.

जीप हळूच आत आली. चाकांचा ठसा उमटला नाही. इंजिनखाली रिकामं केलेलं घमेलं ठेवून तिघं कडेला बसली. पाच मिनिटांनी श्रीमंत उठू लागला, तर गोरक्षनाथने त्याचा दंड धरला.

"वरचं ऑइल अजून उतरतंय. बसा."

पंधरा मिनिटांनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. वरच्या खुणेखाली दहा मिलिमीटर. दोन खुणांत अंतर वीसचं, म्हणजे साधारण एक लिटरचं. वरची खूण ओलांडायला नको म्हणून श्रीमंतने मापनळीने शंभर-शंभर करत चारशे मिलिलिटर ओतलं. पुन्हा इंजिन, पुन्हा थांबणं.

"किती?" गोरक्षनाथने विचारलं. तो पट्टीकडे बघत नव्हता.

"दोन खाली."

"नक्की?"

"नक्की. ही जमीन खोटं सांगणार नाही."

घाटाच्या चढाला गोरक्षनाथने गाडी सावकाश घेतली. कान इंजिनाकडे होते. संध्याकाळी नगरच्या पेट्रोल पंपावर, सिमेंटच्या सपाट फरशीवर गाडी थांबली. इंजिन बंद करून दोघं पंधरा मिनिटं पायरीवर बसले. मग गोरक्षनाथने स्वतः पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली. श्रीमंतने फूटपट्टी लावली.

वरच्या खुणेखाली दोन मिलिमीटर.