मला पाहून हात जोडू नका

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शब्दही साधेच आहेत. ज्याने मला घडवलं त्याची शाळा नववीतच सुटली. त्याच्याजवळ होते तेवढेच शब्द माझ्या वाट्याला आले.

मी एक चित्र आहे. मोबाईलमध्ये गेम घ्यायचं जे दुकान असतं, तिथे नखाएवढी चित्रं ओळीने मांडलेली दिसतात. त्यातलं एक मी. लेकरं बोट सरकवत येतात. त्यांची नजर आम्हा सगळ्यांवरून पळत जाते आणि एखाद्यावरच थांबते. माझ्यावर थांबते. पण थांबणारी नजर नेहमी चांगल्यासाठीच थांबते असं नाही, हे मला फार लवकर कळलं.

माझा जन्म ताडकळसचा. बसस्टँडसमोर जीवनचं बॅनरचं छोटं दुकान आहे. वाढदिवस, स्वागत, निवडणूक आणि श्रद्धांजली, असे बॅनर तो कॉम्प्युटरवर बनवतो. छपाई परभणीला होते आणि बॅनर जीपने परत येतात. जीवन लाजाळू आहे. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो स्क्रीनकडेच बघतो.

गावच्या शाळेतल्या सुकेशनी मॅडमनी आणि त्यांच्या भावाने, सिद्धोधनने, लेकरांसाठी एक गेम तयार केला. नाव ‘उजेडाचे पाढे’. गावात अंधार पडलेला असतो. पाढा बरोबर आला की एका घरात दिवा लागतो. गेम झाला, पण त्याच्या दारावर लावायला चित्र नव्हतं. मॅडमनी ते काम जीवनला दिलं.

पहिल्या वेळी त्याने मला भरून टाकलं. शाळा, फळा, पाढे, झाडं, वर मोठ्या अक्षरात नाव. सिद्धोधन पुण्यात नोकरीला, तो फोनवर म्हणाला, “जीवनभाऊ, बॅनर करायलेत का तुमी? नखाएवढं करून बघा की.” जीवनने मला लहान केलं. सांडलेल्या डाळीसारखा दिसलो मी.

मग सिद्धोधनने समजावून सांगितलं. एकच चेहरा घ्यायचा. डोळे बघणाऱ्याकडे हवेत. मागे गडद रंग, म्हणजे चेहरा उठून दिसतो. अक्षरं नकोत, ती वाचता येत नाहीत. आणि गेममध्ये जे आहे तेच दाखवायचं, नाहीतर लेकरू उघडतं आणि लगेच बंद करतं.

चेहरा घरातच होता. अपेक्षा, जीवनच्या बहिणीची मुलगी. आईबाप येलदरीला. बाप बालाजी धरणात मासेमारी करतो. शाळेसाठी ती आजोळी राहते. जीवनने तिच्या हातात पणती दिली आणि फोटो काढला. खालून उजेड पडलेला तो चेहरा म्हणजेच मी.

पण जीवनला माझ्या भोवती काहीतरी रिकामं वाटलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार वस्तू होत्या. एक पिवळं गोल कडं, डोक्यामागे पसरणारे किरण, दोन बाजूंना दोन समया. रोज लागणाऱ्या, हाताशी असलेल्या. त्याने त्या माझ्यावर ठेवल्या आणि मला पुन्हा लहान केलं. आता मी लखलखत होतो. पिवळं कडं म्हणजे नुसती चमक वाटत होती. सिद्धोधनला आवडलो, मॅडमना आवडलो. मला सगळ्यांनी नखाएवढंच पाहिलं होतं.

मी मोबाईलमधल्या दुकानात लागलो आणि लेकरं गेम घेऊ लागली. मॅडम खूश झाल्या. गावालाही कळू दे म्हणाल्या, याचंच बॅनर कर. जीवनने मला ताणलं, खाली गेमचं नाव टाकलं आणि परभणीला पाठवलं.

बाजाराच्या दिवशी मी जीपमधून उतरलो तो माणसापेक्षा उंच होऊन. चौकात बांबूचा एक सांगाडा मोकळा होता. आदल्या दिवसापर्यंत त्यावर गावातल्या वारलेल्या भगवानरावांच्या श्रद्धांजलीचं बॅनर होतं. जीवनने मला त्यावर चढवलं, दोऱ्या बांधल्या आणि दुकानात कामाला बसला. झेरॉक्सचं मशीन चालू, फोन चार्जिंगला. रोज तेच करणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

खाली केळीचा गाडा येऊन लागला. गेमचं नाव त्याच्या मागे गेलं. उरला फक्त चेहरा. त्याभोवती झेंडूचा हार. हो, ते पिवळं कडं म्हणजे हारच होता. दोन्हीकडे समया जळत होत्या.

एसटीतून उतरणारी माणसं मला बघून थांबू लागली. बायकांनी पदर तोंडाला लावला. एकाने टोपी काढली. मला बरं वाटत होतं. नजर थांबावी म्हणूनच तर मी होतो.

मधल्या सुट्टीत अपेक्षा मला बघायला आली. गणवेशात, हातात पेरू. माझ्याच खाली उभी राहून खात होती. एक म्हातारा तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, “तुजी बहीण व्हती का गं बाई?”

“न्हाई,” ती म्हणाली. “मीच हाय.”

म्हातारा दोन पावलं मागे सरला. मग भराभरा निघून गेला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याआधीच जीपमधल्या कोणा पोराने माझा फोटो काढून पुढे पाठवला होता, खाली जोडलेले हात लावून. नात्यातल्या कोणीतरी तो येलदरीला अपेक्षाच्या आईकडे, मनिषाकडे पाठवला. मनिषाने भावाला फोन केला. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आला नाही. तिने परत केला, परत केला. भाऊ फोन उचलत नाही म्हणजे खरंच असणार, असं तिने धरलं.

इकडे धुरपताबाई, जीवनची आई, बाजाराला आली. तिने मला पाहिलं आणि रस्त्यातच खाली बसली. जीवन धावत आला.

“उतरव ते,” ती म्हणाली. “जित्या लेकराला हार घातलास तू.”

जीवनने मान वर केली. आता त्याला मी दिसलो. त्याने शिडीही आणली नाही, खालूनच ओढून मला फाडलं. मग दुकानात जाऊन फोन पाहिला. बहिणीचे न उचललेले फोन वरपासून खालपर्यंत होते. त्याने लावला. घंटा वाजत राहिली. बालाजीला लावला, तीच गत. येलदरीच्या शेजाऱ्याने सांगितलं, दोघं केव्हाच मोटरसायकलवर निघाली, ती रडत होती आणि तो लय जोरात गेला.

मग वाट बघणं. अपेक्षा आजीच्या मांडीवर बसून विचारत होती, आई आज कशी काय यायली. परभणीच्या गाडीचा कंडक्टर चहा पिताना बोलला की झरीच्या अलीकडे एक जोडपं मोटरसायकलवरून पडलंय, गर्दी जमलीय. जीवन त्याच्यापुढे उभा होता, पण कसली मोटरसायकल, कोण माणसं, हे विचारायला त्याचं तोंड उघडलं नाही.

दिवस कलल्यावर एक जीप थांबली. बालाजी उतरला तो लंगडत. मनिषाच्या कपाळाला पट्टी होती, लुगड्याला माती. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दंड चाचपले, पाठ चाचपली. आत बसा म्हटलं तरी ती बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

“जीवन,” ती हळू आवाजात म्हणाली, “रस्ताभर मी हिला जाळून आले रे.”

त्याच जीपने ते पोरीला घेऊन गेले. अपेक्षा मागच्या काचेतून मामाला हात करत होती. शाळेचं काय, असं विचारायची हिंमत घरात कोणाला झाली नाही.

चौकातला मी फाटलो, पण मोबाईलमधल्या दुकानातला मी अजून आहे. जीवनने त्याच संध्याकाळी सिद्धोधनला सांगून मला काढायला लावलं. नवं चित्र दिलं. नुसती पणती आणि ती धरलेले दोन हात, त्याचे स्वतःचे. चेहरा कोणाचाच नाही. दुकानवाली कंपनी ते तपासून लावेपर्यंत मी इथेच राहीन. मग जाईन.

भीती मला त्या तिसऱ्याची आहे, जो फोनांमधून फिरतोय. तो कोणत्या गावात पोचला, कोणाला ठाऊक नाही. त्याला उतरवायला सांगाडा नाही. आजही कोणीतरी त्याखाली जोडलेले हात टाकत असेल.

म्हणून विनवणी करतो. तो मी तुमच्या फोनवर आलो तर हात जोडू नका. पुढे पाठवू नका. पोरगी जिवंत आहे. दुसरीत आहे. तिला पेरू आवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवन दुकानात गेला, पण गिऱ्हाइकासाठी ते उघडलं नाही. कॉम्प्युटर चालू करून त्याने तो हार, ते किरण आणि त्या समया पुसून टाकल्या. अपेक्षाचं दप्तर घाईत आजोळीच राहिलं होतं. ते लहानसं दप्तर त्याने पाठीला अडकवलं, बाजारातून पेरू घेतले आणि येलदरीला जायला जिंतूरकडे जाणाऱ्या एसटीत जाऊन बसला.