दीक्षा घेतलेला झाडू

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं चढून बसली होती आणि मधल्या वाटेत चाकाच्या खुर्च्या एकामागे एक अशा कोंबल्या होत्या की आग लागली असती तर एकाचीही धडगत नव्हती. पण आगीचा विचार करायला डोकं लागतं, आणि डोकी सगळ्यांनी छत्र्यांबरोबर दाराशीच ठेवली होती.

मंचावर चाकाच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. मानेखाली त्याचं शरीर हलत नव्हतं. मागच्या मोठ्या पडद्यावर मात्र एक लाल गाडी घाटातून सुसाट धावत होती. तरुण म्हणाला, "वेग!" गाडीने झेप घेतली. "शांत!" गाडी मंदावली. वळण आलं, गाडी वळली.

"हात कुठे आहेत?" संकल्पसरांनी विचारलं. "मांडीवर! पाय कुठे आहेत? पट्ट्यात! मग गाडी कोण चालवतंय?"

"संकल्प!" सभागृह ओरडलं.

सरांच्या अंगात दुधाळ रंगाचा कोट होता, गालाला चिकटलेला माईक होता आणि दर दोन वाक्यांनी डोळे मिटायची सवय होती. आज खेळातली गाडी चालते, उद्या बोटं चालतील, परवा माणूस चालेल, असं त्यांचं सरळसोट गणित होतं.

मागून कुणीतरी धीर करून विचारलं, "पण सर, त्याची मान हलतेय की!"

"मन वळलं की मान त्याच्या मागून येते, साहेब. तुम्ही धूर बघताय, मी तुम्हाला आग दाखवतोय." सरांनी तरुणाच्या कपाळावरची चंदेरी टिकली अलगद काढली. "हा शक्तिबिंदू. मी दीक्षा देतो तेव्हा लावतो. आता हलव बाळा, हवी तेवढी मान हलव."

तरुणाने मान हलवली. गाडी जागच्या जागी ठोकळ्यासारखी उभी. सरांनी टिकली परत लावली, गाडी पळाली. टाळ्यांनी छत हादरलं आणि विचारणारा बिचारा खाली बसला.

मंचाच्या कोपऱ्यात कॅमेरा घेऊन एक बाई उभी होती. सगळे तिला फोटोवाली म्हणत. गल्लीच्या तोंडाशी तिचा स्टुडिओ होता आणि दीक्षा घेतलेल्या प्रत्येकाचा सरांबरोबर फोटो काढायचं काम तिच्याकडे होतं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मंचावरचा तरुण तिचा धाकटा भाऊ होता.

धाकटा मोठमोठ्या जाहिराती रंगवायचा. परांचीवरून पडला आणि मान मोडली. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं, हातपाय परत येणार नाहीत, पण नीट काळजी घेतली तर हा माणूस खूप वर्षं जगेल. नीट काळजी म्हणजे रोज व्यायाम, वेळच्या वेळी कूस बदलणं आणि एका जागी फार वेळ न बसवणं. आईने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं कधी कानात शिरूच दिलं नाही. मग शेजारणीने संकल्पसरांचं नाव सांगितलं.

सरांनी सगळ्यात आधी व्यायाम बंद केला. "व्यायाम म्हणजे शरीरावर घेतलेली शंका. शंका आली की शक्ती जाते." व्यायाम घेणाऱ्या बाईंना आईने दारातूनच परत पाठवलं. कूस बदलण्यालाही बंदी झाली. "बैठक मोडू नका. बसू दे. मुरू दे." जसं काही पोरगं नव्हे, लोणचंच होतं!

एका संध्याकाळी फोटोवाली धाकट्याची पाठ पुसत होती. कंबरेच्या खाली, माकडहाडापाशी तिला लाल डाग दिसला. तिने बोटाने दाबला. तो पांढरा पडला नाही. मधोमध कातडी उकलली होती.

"आई, हे बघ."

आईने वाकून पाहिलं आणि चेहरा फिरवला. "सरांनी सांगितलंय. ऊर्जा बाहेर पडते तेव्हा उष्णता होते."

"उष्णता नाही गं! मांस कुजायला लागलंय. त्याला तिथलं काही कळत नाही म्हणून तो ओरडत नाही, एवढंच. हे आत हाडापर्यंत गेलं तर रक्तात विष भिनेल."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, राहू दे ना. तिथं बसलो की मी काहीतरी चालवत असतो. इथं मला सगळे चालवतात."

तिला संताप आला होता, धाकट्याचा नव्हे. या पोराला जे हवं होतं ते त्या कोटवाल्याने बरोबर हेरलं होतं आणि त्याच्याच बदल्यात तो पोराचा जीव मागत होता. ती गुपचूप डॉक्टरांना घेऊन आली, तर आईने दाराला कडी घातली. येत्या रविवारी अखंड बैठक होती, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, आणि धाकटा तिचा मानकरी होता. सगळा दिवस त्या जखमेवर बसून काढायचा.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ती फोटो निवडत बसली. एकही धड नव्हता. फ्लॅश मारलेल्या प्रत्येक फोटोत कपाळावरची टिकली भगभगीत पांढरी झाली होती, जणू तिच्या आत दिवाच आहे. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोत तीच टिकली करडी, निर्जीव. फोटोवाली पडद्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढताना त्यांच्या जाकिटांवरच्या पट्ट्या असाच घोटाळा करतात. प्रकाश जिथून आला तिथेच त्या परत फेकतात. शक्तिबिंदू म्हणजे त्याच पट्टीचा कापलेला तुकडा!

मग तिने मंचाचे फोटो मोठे करून पाहिले. पडद्याखाली, फुलांच्या आड, एक छोटा कॅमेरा होता. त्याच्याभोवती बारीक दिव्यांचं कडं होतं. सर त्याला ऊर्जावलय म्हणायचे.

रविवारी सभागृह पुन्हा खचाखच भरलं. धाकट्याला खुर्चीत बसवलं, टिकली लावली. सरांनी डोळे मिटले. "आज हा तरुण थांबणार नाही. कारण संकल्प थांबत नाही."

"सर, सुरुवातीचा एक फोटो," असं म्हणत फोटोवाली मंचावर चढली. तिने धाकट्याच्या कपाळावरची टिकली काढली आणि पडद्याआड उभा केलेला झाडणाऱ्यांचा लांब दांड्याचा झाडू बाहेर ओढला. टिकली झाडूला चिकटवली, झाडू कॅमेऱ्यासमोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वेग!"

लाल गाडी सुटली. झाडू डावीकडे कलला, गाडी डावीकडे वळली. झाडू उजवीकडे कलला, गाडी उजवीकडे. झाडूने तीन वळणं घेतली आणि धाकट्याला कधी न जमलेला पूलही पार केला.

सभागृहात एक पोर खुदकन हसलं. मग दुसरं.

"याला दीक्षा कधी दिलीत, सर?" फोटोवालीने विचारलं. "याची काही साधना? याने व्यायाम सोडला होता का?"

सर क्षणभर गडबडले, पण कसलेले होते. "चैतन्य चराचरात आहे! झाडूतही आहे!" आणि सांगायला लाज वाटते, पण दोन-चार जणांनी यावरही टाळ्या वाजवल्या.

"मग झाडूच्या पाया पडा," ती म्हणाली. "ऐका. या कॅमेऱ्याभोवतीच्या दिव्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. टिकली तो परत फेकते. कॅमेऱ्याला तेवढा एकच ठिपका दिसतो. ठिपका जिकडे, गाडी तिकडे. 'वेग' आणि 'शांत' हे शब्द माईक ऐकतो आणि संगणक ओळखतो. यंत्र चांगलं आहे. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना खेळता यावं म्हणूनच कुणीतरी डोकं लढवून बनवलंय, दुकानात मिळतं. चोर यंत्र नाही. चोर हा आहे."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, मग इतके दिवस गाडी कोण चालवत होतं?"

"तू. तुझ्या मानेनं आणि तुझ्या आवाजानं. या माणसाचा त्यात काडीचा हात नाही. यंत्र आपण घरी आणू. खेळ पाहिजे तितका, पण पडून, कूस बदलत."

तो म्हणाला, "मला खाली घ्या."

आई पुढच्या रांगेतून उठली होती. तिचा आवाज फाटला. "म्हणजे त्याची बोटं? सर म्हणाले होते..."

"नाही, आई. बोटं येणार नाहीत."

हे सगळ्यांसमोर बोलताना फोटोवालीला रडू कोसळलं आणि तिने ते आवरलं नाही. धाकट्याला तिने आणि आईने मिळून सतरंजीवर कुशीवर निजवलं. मग फोटोवाली लोकांकडे वळली.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. विश्वास ठेवूनच इथवर आलो आपण. स्वतः बघा. ज्याला ज्याला बैठकीला बसवलंय त्याला खुर्चीतून उचला आणि खाली बघा. लाल डाग असेल तर दाबा. पांढरा पडत नसेल तर आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. शंका येऊ द्या. शंकेनं कुणी मरत नाही, या जखमेनं मरतात."

सर माईकवर श्रद्धेविषयी काहीतरी बोलतच होते. कुणी जागचं हललं नाही. मग दुसऱ्या रांगेतल्या एका दणकट माणसाने, दर वेळी "संकल्प!" म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याने, आपल्या मुलीला खुर्चीतून उचललं. बायकोने तिचे कपडे सारून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा, काय आहे?" मुलीने विचारलं. "सांगा ना. मला तिथलं कळत नाही."

आजवर त्याने तिला धीर देणारं खोटंच सांगितलं होतं. आताही तेच त्याच्या ओठांवर आलं असावं, कारण तो दोनदा अडखळला.

"जखम आहे, बाळ," तो म्हणाला. "आपण डॉक्टरांकडे चाललोय."